सुटलेली

कोंबडीच्या डोळ्यात औषधाचा थेंब घालणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. मान धरली तर ती गुदमरते, पाय धरले तर उलटी होऊन पंख मारते, आणि दयामाया करून सैल धरली तर तोंडावर धूळ उडवून पसार होते. पंखांखालून तळवा घालायचा, अंगठ्याने डोकं आडवं करायचं, वरच्या डोळ्यात निळ्या औषधाचा एक थेंब सोडायचा आणि ती पापणी मिटेपर्यंत थांबायचं. डोळ्याच्या कडेला निळी रेघ उमटली की थेंब आत गेला. मग सोडायचं.

पोल्ट्रीवर हे काम गेली पंधरा वर्षं एकच माणूस करत होता. त्याला सगळे थेंबमास्तर म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने म्हणू लागले. मास्तरला मात्र त्यात चेष्टा कधी दिसली नाही. शेडमधल्या चार हजार तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, थेंब घालून झाले की बाकीचे हातपाय धुवायला जात आणि हा भुशात उकिडवा बसून एकेक डोळा तपासत राही. निळी रेघ नसलेली एखादी दिसली की हा तिच्या मागे. बाया पदर तोंडाला लावून हसत.

"मास्तर, चार हजारांत एक राहिली तर काय आभाळ कोसळेल?"

"एक सुटली की मानमोडीचा रोग तिथूनच शिरतो. आणि शिरला की अख्खं शेड माना टाकतं," मास्तर म्हणे. 'सुटलेली' हा शब्द तो असा उच्चारी, की जणू कोंबडी नव्हे, कोणाची तरी सून पळून गेली आहे.

अशा माणसाच्या घरात चौदा महिन्यांची पोर गोवराच्या लसीवाचून होती.

त्यामागे कारण होतं. पोर आठ महिन्यांची असताना तिच्या आत्याने, म्हणजे मास्तरच्या थोरल्या बहिणीने, मऊ भातात नखाएवढा अंड्याचा बलक कालवून तिला भरवला. आत्या नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायची आणि पोर तिच्याच कडेवर वाढत होती. अंड्यांच्या राशीत राहून पोरीने अंडं खायचं नाही, हे तिला पटत नव्हतं. अर्ध्या तासात पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, भडाभडा ओकली आणि मान टाकली. मास्तर तिला छातीशी धरून डांबरी रस्त्यापर्यंत अनवाणी पळाला होता. दवाखान्यात सुई टोचल्यावर पोर रडली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. डॉक्टर म्हणाले, हिला अंडं सोसत नाही, अंड्यापासून जपा. ते वाक्य मास्तरने काळजावर कोरून घेतलं.

पोरीला सगळे ठकी म्हणत. ठकीची आई शेजारच्या शेडमध्ये अंडी वेचायची. रोज दहावीस अंडी हातात फुटत, मनगटापर्यंत चिकट होई, केसाला सुद्धा वास येई. दुपारी ती खोलीच्या दारात आली की ठकी आतून हात पसरून रांगत सुटे, आणि मास्तर उंबऱ्यावर आडवा उभा राही.

"हात धुतले?"

"धुतले."

"साबणाने?"

"साबणाने."

"दोनदा?"

ठकीची आई वळून परत मोरीवर जाई. छातीतून पान्हा फुटून झंपर ओला होत असे आणि आत पोर टाहो फोडत असे. कपडे बदलून, कोपरापर्यंत घासून ती येईपर्यंत पोर रडून रडून निळी पडे. एवढं करूनही मधूनच ठकीच्या गालावर लाल गांधी उठत. कशाने ते कळत नसे. मास्तर बायकोकडे नुसता बघे. ती पुन्हा उठून हात धुवी.

लसीचं असं झालं, की मास्तर वाचणारा माणूस होता. कोंबड्यांच्या लसीच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो. तो कोणी वाचत नाही, पण मास्तर वाचायचा, आणि त्यात लिहिलेलं असे: ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली आहे. पंधरा वर्षं तो हे वाचत आला होता. ठकीला नऊ महिने पूर्ण झाले, गोवराच्या लसीची तारीख आली, आणि त्याला एकदम घाम फुटला. लस म्हणजे अंडं. नखाएवढ्या बलकाने ही गत झाली, मग तीच गोष्ट सुईने सरळ अंगात घातली तर?

पहिल्या वेळी त्याने नर्सबाईंना सांगितलं, पोरीला ताप आहे. दुसऱ्या वेळी सांगितलं, मामाकडे गेली आहे. त्या वेळी आत्या ठकीला घेऊन खाद्याच्या गोदामात पोत्यांमागे बसली होती, आणि पोर शिंकू नये म्हणून तिच्या नाकावर पदर धरून होती.

उन्हाळा चढला तसा गोवर आला. आधी रस्त्यापलीकडच्या वस्तीत ऐकू आला, मग पोल्ट्रीच्याच चाळीत शिरला. खाद्य भरडणारा भरड्या दोन महिन्यांपूर्वी नवा आलेला. कामाच्या मागे गावोगाव फिरताना त्याच्या पोरांच्या लशी कुठल्या कुठे राहून गेल्या होत्या. त्याची सात वर्षांची थोरली पोर चार दिवस नाक गाळत, लाल डोळ्यांनी हिंडली. पाचव्या दिवशी तिच्या कानामागून पुरळ उतरायला लागलं. भरड्याची खोली मास्तरच्या खोलीपासून तिसरी. मधल्या ओट्यावर ठकी रोज रांगायची.

दुसऱ्याच दिवशी नर्सबाई आल्या. उन्हाने लाल झालेल्या, खांद्याला निळा डबा, कपाळावरचा घाम कोपराने पुसत. त्यांनी नळावरच वही उघडली. पाण्याला आलेल्या सगळ्या बाया तिथे होत्या.

"ठकी कुठे आहे आज? मामाकडे की तापात?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मास्तर बादली घेऊन उभा होता. त्याचे कान तापले.

"इथंच आहे," तो म्हणाला.

"मग आणा. चाळीत गोवर शिरलाय मास्तर. तुम्ही हजारो कोंबड्यांना लस देणारे, आणि तुमच्याच घरात लस नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"बाई, एक विचारू?" मास्तरने बादली खाली ठेवली. "ही लस अंड्यात वाढवतात ना?"

नर्सबाई थांबल्या. असा प्रश्न त्यांना नळावर कोणी विचारला नव्हता. "अंड्यात नाही. कोंबडीच्या पिल्लाच्या पेशी असतात, त्यांच्यात वाढवतात. डॉक्टरांनी शिकवलंय आम्हाला."

"आणि पिल्लू कुठून येतं?"

आता बाया मोकळेपणाने हसल्या. नर्सबाईसुद्धा हसल्या, पण त्यांना पुढचं उत्तर येईना. "ते तुम्ही डॉक्टरांना विचारा. अंडं न सोसणाऱ्या पोरांनाही ही लस चालते, एवढं मला पक्कं माहीत आहे. गुरुवारी डॉक्टर आरोग्य केंद्रात असतात. घेऊन या. टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवू."

"अर्ध्या तासातच झालं होतं तिला," मास्तर म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की हसणाऱ्या बाया गप्प बसल्या.

त्या दुपारी पत्र्याखाली भट्टी झाली होती. ठकी ओल्या फडक्यावर उघडीच पडली होती. आत्या तिला पुठ्ठ्याने वारा घालत होती. ठकीची आई भिंतीला टेकून बसली होती आणि मघापासून काहीतरी बोलायचं म्हणून ओठ चावत होती. शेवटी बोलली.

"अहो, गुरुवारी जाऊ या का?"

"नाही."

"बाई म्हणाल्या चालते म्हणून."

"बाईंना पिल्लू कुठून येतं ते सांगता येईना. त्यांच्या भरवशावर सुई टोचू?"

"डॉक्टरांना विचारू. विचारायला काय जातं?"

"तू पाहिलं नव्हतंस तेव्हा. तू शेडवर होतीस. माझ्या हातात मान टाकली होती तिने."

आत्याचा पुठ्ठा थांबला. त्या दिवसाचा विषय निघाला की ती अशीच दगड होऊन बसे. कोणी तिला दोष दिला नव्हता, हेच तिला जास्त लागत असे.

"वन्सं, तुमच्यावर नाही बोलत आहेत ते," ठकीची आई म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "तुम्ही चार हजारांत एक सुटलेली भुशात बसून शोधता. आणि घरातली सुटलेली दिसत नाही तुम्हाला?"

"कोंबडी मेली तर मालकाची मरते," मास्तर म्हणाला.

पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. मास्तर उठला, चपला घातल्या, दाराबाहेर गेला, परत आला, पाणी प्यायला आणि पुन्हा बाहेर गेला. घरात बसवेना आणि बाहेर उभं राहवेना अशी त्याची गत झाली होती. भरड्याच्या खोलीतून कोरडा, खरवडल्यासारखा खोकला येत होता. तो खोकला कुठल्या बाजूला जातो आहे, हे बघत असल्यासारखा मास्तर वाऱ्याची दिशा पाहत होता.

बुधवारी सकाळी भरड्या त्याच्या दारात आला. बोलताना त्याची हनुवटी हलत होती. "मास्तर, जरा येता? पोर श्वास घेताना पोटात खड्डा पडतोय."

मास्तरनेच त्या पोरीला उचलून अंड्यांच्या टेम्पोत ठेवलं. सात वर्षांची पोर, पण अंग असं पोळत होतं की त्याच्या सदऱ्यातून चटका बसला. डोळे चिकटलेले, ओठ फुटलेले, आणि दर श्वासाला नाकपुड्या फेंदारत होत्या. भरड्याची बायको तिच्या उशाशी चढली. टेम्पो हलला तेव्हा भरड्या रिकाम्या हातांनी तिथेच उभा राहिला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा टेम्पोमागे धावत सुटला.

मास्तर घरी गेला नाही. नळावर कपड्यांसकट बसला आणि अंगावर पाणी ओतत राहिला. गोवर अंगावर घेऊन त्याला दारात उभं राहायचं नव्हतं. पलीकडून ठकी त्याला बघून ओट्यावर टाळ्या वाजवत होती. तो लांबूनच म्हणाला, "आत घे तिला, आत घे."

"जायचं ना मग उद्या?" ठकीची आई म्हणाली.

"उद्या मागच्या शेडला थेंब आहेत. पुढच्या गुरुवारी बघू."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ठकीला आत नेलं.

गुरुवारी पहाटेच काम सुरू झालं. बर्फातून बाटली काढून औषध एकदा पाण्यात कालवलं की ते दोन तासांत संपवावं लागतं, नाहीतर फुकट जातं. मालक स्वतः येऊन दाराशी खुर्ची टाकून बसले होते. सगळीकडे रोगाच्या बातम्या असल्याने त्यांना माणसांपेक्षा कोंबड्यांचीच जास्त धास्ती होती. बाया पकडून देत होत्या, मास्तर थेंब घालत होता. तिसरी बाटली निम्मी झाली असेल, तेव्हा कोंबडी हातात देता देता एक बाई म्हणाली, "ठकीला बरं नाही का? मघाशी तिची आई आणि आत्या रिक्षात बसल्या."

"कुठे?"

"केंद्राकडेच गेली रिक्षा."

मास्तरने थेंब घातला. कोंबडी सोडली. पुढची घेतली. मनाशी म्हणाला, गेली तर गेली, औषध कालवलं आहे, आता उठता येत नाही. आणखी एक घेतली. एका कोंबडीच्या डोळ्यात दोन थेंब गेले, एकीच्या चोचीवर ओघळला. ठकीच्या सुजलेल्या ओठांखेरीज त्याला काही दिसत नव्हतं. मग त्याच्या हातून सुटलेली एक तलंग भुशात दोन पावलं गेली, मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचा डोळा स्वच्छ, कोरडा होता. त्याने थेंब न घालताच तिला सोडली होती. पंधरा वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

तो उठला आणि बाटली मालकांच्या हातात दिली.

"अरे, हे काय?"

"वरच्या डोळ्यात एक थेंब. निळी रेघ दिसली की सोडा."

"मास्तर! मी आयुष्यात कोंबडी धरलेली नाही!"

"बाया धरतील. तुम्ही फक्त थेंब घाला," असं म्हणून मास्तर निघाला सुद्धा. मागे बायांचं हसणं आणि मालकांचं ओरडणं ऐकू आलं, पण तोवर तो फाटकाबाहेर होता. मग तो धावायला लागला. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा त्याने दोन्ही चपला तिथेच सोडल्या. डांबर तापायला लागलं होतं. याच रस्त्याकडे तो मागे असाच अनवाणी धावला होता.

केंद्राच्या ओसरीत लांब बाकडं होतं. त्यावर आत्या, तिच्या मांडीवर ठकी, आणि शेजारी ठकीची आई. ठकीच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण होती. लस दिलेल्या पोरांना अशी खूण करत होते. मास्तरला ते दिसलं.

"दिली?" तो म्हणाला.

"दिली," ठकीची आई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तिने नजर खाली घातली नाही. "डॉक्टरांना सगळं सांगितलं. बलक, गांधी, सुई, सगळं. तुमचा कागदसुद्धा दाखवला, खोक्यातला. अठरा मिनिटं झाली."

डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या. लहान चणीच्या, कानात कापूस घातलेल्या. त्यांच्या हातात तो घडीचा कागद होता.

"हे तुम्ही वाचता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चांगलं करता, कोणी वाचत नाही. यात लिहिलंय ते खरंच आहे. कोंबड्यांची ही लस अख्ख्या अंड्यात वाढवतात. मुलांची गोवराची लस तशी नसते. तिच्यात अंड्याचा अंश आला तरी इतका नगण्य, की अंडं न सोसणाऱ्या मुलांनाही ती देतात. मी स्वतः किती जणांना दिली आहे. तरी इथेच बसा. लागलंच तर औषध भरून ठेवलंय मी."

मास्तर ठकीसमोर फरशीवर उकिडवा बसला. भुशात बसे तसाच. तिची मान बघितली, ओठ बघितले, पोट वर खाली होताना मोजलं, कानामागे वाकून पाहिलं. काही नव्हतं. ठकी त्याला बघून खुदकन हसली. नेहमीच्या सवयीने त्याने तिच्या गालाकडे बोट नेलं.

"हात लावू नका!"

ठकीची आई इतक्या जोरात ओरडली की आतून नर्सबाई डोकावल्या. मास्तरचं बोट हवेत राहिलं. ते निळं होतं. चारी बोटं निळी होती, नखांत निळं साचलं होतं, तळव्यावर वाळून निळ्या खपल्या धरल्या होत्या.

"हे अंड्यातलंच ना?" ती म्हणाली. आता हळू म्हणाली.

मास्तरने हाताकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या कागदाकडे. थेंबांच्या दिवशी घरी गेल्यावर तो हातावर नुसतं पाणी घेई. औषधाचा हात, त्यात घाण कुठली, अशी त्याची समजूत. मग जाता येता ठकीचा गाल कुरवाळी. गांधी उठत. आणि तो उंबऱ्यावर उभा राहून बायकोला विचारी, साबणाने धुतले का, दोनदा धुतले का.

ठकीची आई हेच सगळं त्याच क्षणी आठवत होती, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. ती काही म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त स्वतःचे हात पाहिले. घासून घासून त्यांची कातडी बोटांच्या पेरांवर फाटली होती.

मास्तर मागे सरकला. भिंतीला टेकून बसला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बारा मिनिटं तो तसाच बसून राहिला. ठकी आत्याच्या मांडीवरून त्याच्याकडे झेप घेत होती, त्याला "बा, बा" करत होती, आणि तो नुसती मान हलवत होता. घड्याळाचा काटा सरकत नव्हता. आत्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. नर्सबाई दोनदा येऊन ठकीचं अंग बघून गेल्या.

"झाला अर्धा तास," शेवटी त्या म्हणाल्या. "न्या घरी. थोडा ताप आला तर घाबरू नका. आणि मास्तर, वहीत आता मामाकडे लिहिलेलं खोडू ना?"

"खोडा," मास्तर म्हणाला. "बाई, ती भरड्याची पोर?"

"ऑक्सिजन लावलाय. सकाळी पाणी प्यायली म्हणे."

रस्त्याला रिक्षा नव्हती. ते चालतच निघाले. पुढे आत्या, तिच्या मागे ठकीला खांद्यावर घेतलेली तिची आई, आणि चार पावलं सोडून अनवाणी मास्तर. खांद्यावरून ठकी त्याच्याकडे दोन्ही हात पसरून ओरडत होती. शाईचा अंगठा उन्हात चमकत होता. बाप घेत नाही हे कळल्यावर तिने भोकाड पसरलं. मास्तरचा जीव तुटत होता, पण त्याने हात पाठीमागे बांधले ते सोडले नाहीत.

"घरी जाऊ दे गं," तो तिला समजावत होता. "घरी गेलो की हात धुतो, मग घेतो."

ठकीची आई न वळता म्हणाली, "साबणाने."

"साबणाने."

तिने रडणाऱ्या ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"दोनदा," ती म्हणाली.

"दोनदा," मास्तर म्हणाला.